शेंगा गेली, भाकर एकटी राहिली

जुळेकर_वहिनी | २ मार्च २०२५, रात्री ११:१०

कुठल्या विभागात टाकावं कळलं नाही म्हणून इथेच लिहिते. चुकलं असेल तर ॲडमिननी धागा हलवावा.

बुधवारी, महाशिवरात्रीच्या पहाटे, आमची शेंगा गेली. शेंगा म्हणजे गिनीपिग. सव्वापाच वर्षांची होती.

रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा, मधोमध पांढरा पट्टा आणि नाकाच्या एका बाजूला काळं, जणू तव्यावर तेवढीच बाजू करपली. २०१९च्या डिसेंबरात आणली तेव्हा लेक आठ वर्षांची होती. तिनं बघताक्षणी नाव ठेवलं. सोबत बहीण होती, ती सगळी पांढरी, म्हणून तिचं नाव भाकर पडलं. सोलापुरातल्या पोराला दुसरं काय सुचणार!

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, गिरणीतले. गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागात एका कारखान्यात कितीतरी वर्षं टॉवेल विणले त्यांनी. हे प्राणी घरात आले तेव्हा त्यांना अजिबात पसंत नव्हते. कुणी भेटलं की सांगायचे, "आमच्या पोरांनी पैसे मोजून उंदीर आणलेत." मग तीन महिन्यांत लॉकडाऊन लागला. पुण्याहून कुरियरनं येणारं सुकं गवत बंद. हेच मामा पहाटे साडेपाचला विळा घेऊन जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटवर हरळी कापायला जायला लागले. एकदा पोलिसानं हटकलं तर म्हणाले, "गणपतीला दूर्वा काढतोय." घरी येऊन आम्हाला म्हणाले, "खोटं कुठं बोललो? वाहनाला घातल्या, मालकाला पोचल्या."

शेंगाचा आवाज कसा लिहू? कोथिंबिरीची जुडी सोडायला घेतली, नुसती कॅरीबॅग वाजली, की आतल्या खोलीतून शिट्टी. कुई, कुई, कुईऽऽ, चढत जाणारी. कुकरच्या शिट्टीत आणि तिच्या शिट्टीत पाहुणे गोंधळायचे. दूधवाल्याच्या पिशवीला ती फसायची नाही. भाजीच्याच पिशवीला ओरडायची. हे तिला कसं कळायचं, देव जाणे. भाकर कधी सुरू करायची नाही, शेंगानं सूर लावला की मागून साथ द्यायची.

आता काय झालं ते. जानेवारीत ती अंग गोळा करून बसायला लागली. लघवी करताना बारीक किंचाळायची. खालच्या नॅपकिनवर गुलाबी डाग दिसला, मी म्हटलं बीट खाल्लंय. दुसऱ्या आठवड्यात बीट नव्हतं आणि डाग होता. एका दवाखान्यात "उंदरांचं आम्ही बघत नाही" म्हणाले. दुसरे डॉक्टर सगळा जन्म गाई-म्हशींत गेलेले, पण भले माणूस. एक्स-रे काढला. हरभऱ्याच्या डाळीएवढा मुतखडा. सरळ म्हणाले, "एवढ्या लहान जिवाला भूल द्यायचा माझा हात नाही, पुण्याला न्या." बावीस तारखेला पहाटे साडेतीनला निघालो, ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून. ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर मात्र तिनं तोंड लावलं नाही. दर दोन-अडीच तासांनी तिच्या खाद्याच्या गोळ्या भिजवून त्यांची पेज सिरिंजनं भरवत होते. लेंड्या कमी झाल्या, मग थांबल्याच. बुधवारी चारला भरवलं, साडेपाचला उठले तर गेलेली होती.

मामा तेव्हा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले होते, शिवरात्र म्हणून. आले, बघितलं, काही बोलले नाहीत. ट्रंक उघडली. त्यांच्या हातचे दोन कोरे टॉवेल त्यात होते, एक सेकंडचा आणि एक फर्स्टचा. फर्स्टचा काढला. अंगणात कढीपत्त्याच्या पलीकडे स्वतः खड्डा केला, सत्तरी ओलांडलेला माणूस.

मला खाते आहे ती गोष्ट अशी. मी तिला रोज मूठभर लसूणघास घालायचे. इथे कडब्याच्या अड्ड्यावर तीच सहज मिळते, ती वेड्यासारखी खायची, मला वाटायचं हिरवं आहे, चांगलंच असणार. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की त्यात कॅल्शियम फार असतं. म्हणजे खडा मीच घातला का पोटात?

ऑफिसात दोन दिवस रजा मागितली तर कारण ऐकून हसले. म्हणून इथे लिहिलं. आणि भाकर कोपऱ्यात बसून आहे, तिचं काय करावं तेही सांगा कुणाला ठाऊक असेल तर.

---

बार्शी_नाका | ३ मार्च, सकाळी ७:०५

वाईट वाटलं वहिनी. खड्डा हातभर तरी खोल आहे ना? आमच्याकडे कुत्रा गेला तेव्हा वडिलांनी वर खडेमीठ टाकून मोठे दगड रचले होते, नाहीतर भटकी कुत्री उकरतात. सांगायला नको वाटतं, पण उकरलेलं बघणं जास्त वाईट.

---

विजापूर_वेस | ३ मार्च, सकाळी ८:४०

वाहनाला घातल्या मालकाला पोचल्या!! मामांना साष्टांग की ओ. हसलो आणि मग पुढचं वाचून गप बसलो.

---

स्पष्टवक्ता | ३ मार्च, सकाळी १०:१५

राग मानू नका, पण आपल्या गावात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं. माणसं दवाखान्याच्या बिलाला घाबरून अंगावर काढतात. आणि उंदरासाठी अडीचशे किलोमीटर गाडी पळवून ऑपरेशन? हौस म्हणतात याला. धागा कशाला?

---

विजापूर_वेस | ३ मार्च, सकाळी १०:३२

काय बोललालास बे सकाळ सकाळ. ती बाई पाणी मागायला आली का तुझ्याकडं? धागा आवडला नाही तर खाली दुसरे धागे हायत, पाण्याचा पण हाय एक, तिथं एक ओळ लिहिलेली दिसत नाही तुझी.

---

माग_आणि_मांजर | ३ मार्च, दुपारी १:२०

स्पष्टवक्ता यांचा मुद्दा मला अगदीच टाकाऊ वाटत नाही, पण तो पुरा नाही.

माझी आई विड्या वळायची. घरात दोन खोल्या, सात माणसं, बापाचा माग दुसऱ्याच्या शेडमध्ये. त्या घरात एक मांजर होतं. आई सुपात पानं-तंबाखू घेऊन बसली की ते मांडीच्या कडेला चिकटून बसायचं, आणि ती विड्यांचे कट्टे बांधेपर्यंत हलायचं नाही. दूध आम्हा पोरांना मिळायचं नाही तेव्हा त्याला कुठलं? पण भाकरीचा शेवटचा तुकडा त्याचा, हे ठरलेलं. ते गेलं त्या दिवशी आईचं हजाराचं काम, म्हणजे हजार विड्या, पूर्ण झालं नाही, पानं तशीच भिजलेली राहिली. त्या दिवसाची मजुरी गेली म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही.

गरिबांना ही हौस परवडत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी पूर्व भागात एक चक्कर मारावी. दर चौथ्या घरात कबुतरं, कोंबडा, बोकड असं काहीतरी असतंच, आणि त्याला नाव असतं.

---

गोठ्यातला_डॉक्टर | ३ मार्च, रात्री ९:५०

मी पशुवैद्य आहे, माझंही काम मुख्यतः गाई-म्हशींचंच. म्हणून त्या दुसऱ्या डॉक्टरांची अडचण समजते. तरी थोडं लिहितो, वहिनींच्या प्रश्नासाठी.

गिनीपिगच्या शरीरात कॅल्शियमचा हिशोब आपल्यापेक्षा वेगळा चालतो. जादा कॅल्शियम ते बरंचसं लघवीतून बाहेर टाकतात, म्हणून त्यांची लघवी निरोगी असतानाही जरा गढूळ, वाळली की पांढरी पूड राहणारी असते. खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणूनच एक्स-रेत स्पष्ट दिसतात. लसूणघासात कॅल्शियम जास्त हे खरं. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ती चालते, मोठ्यांना रोज नको. पण तीच घास खाऊन भाकरला खडा नाही ना झाला? पाणी किती पितात, हालचाल किती, अंगाची ठेवण कशी, जंतुसंसर्ग आहे का, अशा चार गोष्टी जुळून येतात तेव्हा खडा होतो. एका मुठीवर सगळं लादू नका.

ऑपरेशननंतरचं म्हणाल तर त्यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, वायू धरतो, दुखतं, म्हणून आणखी खात नाहीत. हे चक्र फिरायला लागलं की सिरिंजनं भरवूनही दरवेळी थांबत नाही. बारा-चौदा तास काही खाल्लं नाही तर ती इमर्जन्सीच समजायची. तुम्ही रात्रभर उठून भरवत होतात, त्यापुढे घरी करण्यासारखं फार नव्हतं.

ज्यांच्याकडे हे प्राणी आहेत त्यांनी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. पेनिसिलीन जातीची औषधं, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, यांना तोंडावाटे द्यायची नाहीत. पोटातले उपयोगी जिवाणू मरतात आणि प्राणी दगावतो. घरातलं उरलेलं लहान मुलांचं सिरप देऊन मोकळे होणारे लोक मी पाहिलेत.

वहिनी, वजन करत होतात का? असेल तर आकडे टाका.

---

कुतूहलराव | ३ मार्च, रात्री ११:३०

श्रद्धांजली. थोडं अवांतर लिहितो, धागाकर्तीनं माफ करावं. त्या हसणाऱ्या ऑफिसवाल्यांना ऐकवायला उपयोगी पडेल.

हा प्राणी ना गिनीचा, ना डुकराच्या कुळातला. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला. पेरूमध्ये अजून तो खातात (लेकीला सांगू नका). तिथलं त्याचं नाव 'कुई', म्हणजे वहिनींनी वर लिहिलेला आवाज आहे तोच.

बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. आपण, माकडं, काही वटवाघळं आणि गिनीपिग यांना ते जमत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी गिनीपिगना नुसतं धान्य खाऊ घातलं तर त्यांच्या हिरड्या-सांधे गेले, म्हणजे खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही झाला. तिथून क जीवनसत्त्वाचा शोध मार्गी लागला. त्याआधी १८८२मध्ये कोखनं क्षयाचा जंतू दाखवला तोही गिनीपिगमध्ये तो रोग घडवून. 'आमचा काय गिनीपिग केलाय का' असं आपण चिडून म्हणतो. त्यांनी चिडून काय म्हणायचं?

तात्पर्य, रोज ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड यातलं काहीतरी हवंच.

---

उन्हाळी_सुट्टी | ४ मार्च, सकाळी ९:००

सगळे हळहळताहेत म्हणून कुणी बोलत नाही, मी बोलते. हा डोंगरातल्या थंड हवेचा प्राणी. २७-२८ अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो, तिशीच्या पुढे उष्माघाताची भीती. सोलापुरात मे महिन्यात ४३ असतं. इथे तो आणणंच चूक नाही का? दुकानात गोंडस दिसतो म्हणून घ्यायचा आणि मग एप्रिलमध्ये लाईट गेली की पळापळ. माझ्या चुलत भावाची दोन्ही पिल्लं एका दुपारी गेली, घरात कुणी नव्हतं आणि कूलर बंद पडला. तुमच्यावर आरोप नाही, तुमची पाच वर्षं जगली म्हणजे तुम्ही काळजी घेतलीत. पण या धाग्यावरून कुणी उद्या नवीन घ्यायला जाऊ नये एवढंच.

---

जुळेकर_वहिनी | ४ मार्च, रात्री १०:२५

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

बार्शी_नाका, मामांनी कमरेइतकं खोदलंय. मिठाचं त्यांना आधीच माहीत होतं.

माग_आणि_मांजर, तुमचं मामांना वाचून दाखवलं. "हजाराचं काम" म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, पुढचं मला वाचवेना म्हणून लेकीनं वाचलं.

स्पष्टवक्ता, राग नाही. मी स्वतः हाच प्रश्न मला गाडीत विचारला होता, टेंभुर्णीच्या आसपास. उत्तर सापडायच्या आत पुणे आलं.

उन्हाळी_सुट्टी, तुमचं म्हणणं मला पटतं. आम्ही आणल्या तेव्हा काही माहीत नव्हतं. पहिल्याच एप्रिलमध्ये शेंगा लांब पसरून, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली तेव्हा डोळे उघडले. मग आमची सोय अशी होती: घरातली सगळ्यात थंड खोली त्यांची, म्हणजे मधली, जिला बाहेरची भिंत नाही. खाली शहाबादी फरशीचे दोन तुकडे, ते मामा दुपारी ओल्या फडक्यानं पुसायचे. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून नॅपकिनमध्ये गुंडाळून आत ठेवायची, दोघी तिला दोन बाजूंनी पाठ लावून झोपायच्या. वाळ्याचा कूलर. इन्व्हर्टर त्यांच्यासाठी घेतला, नवऱ्याला सांगितलं लेकीच्या अभ्यासासाठी. पाच उन्हाळ्यांत आम्ही चौघं एकत्र गावाला गेलो नाही, कुणीतरी घरी थांबायचंच. मामाच थांबायचे बहुतेक. लग्नकार्यातून सुटका म्हणून खूशच असायचे.

तेव्हा हो, कुणी सोलापुरात नवीन घ्यायचा विचार करत असेल तर आधी आपला मे महिना आठवावा. मी आज असते तर आणल्या नसत्या. आणि शेंगा आलीच नसती, असं म्हटलं की घशात काहीतरी अडकतं. दोन्ही खरं आहे, काय करू.

गोठ्यातला_डॉक्टर, वजनाचं उद्या सांगते. कॅलेंडरवर लिहिलेलं आहे.

---

दोन_पेंढ्या | ५ मार्च, सकाळी ६:५०

भाकरबद्दल. मी पुण्यात, आठ वर्षांत चार झाले माझ्याकडे. हे कळपातले प्राणी आहेत, एकट्यानं राहणं त्यांना जमतच नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८पासून कायदाच आहे, एकटा ठेवायचा नाही. शेंगा गेल्यावर भाकरला तिच्याजवळ थोडा वेळ ठेवलं होतं का? वास घेतला की त्यांना कळतं, शोधत बसत नाहीत.

आत्ता एवढंच पाहा की ती खाते का आणि लेंड्या नेहमीसारख्या आहेत का. कोपऱ्यात बसणं चालेल, न खाणं चालणार नाही. शेंगाचा एखादा नॅपकिन न धुता तिच्याजवळ राहू द्या. पुढे जोडीदार आणायचाच तर दुकानातून नको. ज्यांना पाळणं जमलं नाही असे लोक द्यायला तयार असतात, त्यातली एखादी मोठ्या वयाची मादी बघा. आणली की लगेच एकत्र नाही, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची, आजार नाही ना बघायचा, मग मोकळ्या जागेत ओळख.

---

विजापूर_वेस | ५ मार्च, सकाळी ९:१५

टेंभुर्णीचं वाक्य लई लागलं वहिनी.

गवताचं सांगतो. लसूणघास बंद केली तर मारवेल घ्या. आमच्या मेव्हण्याच्या शेताच्या बांधावर भरपूर हाय, मोहोळकडं. सावलीत वाळवून पेंढ्या पाठवतो, पैशाचं बोलू नका. कोवळी ज्वारी तेवढी कुणी घालू नका, गुरांनासुद्धा किराळ लागते त्यानं, म्हणजे विषबाधा होते.

---

स्पष्टवक्ता | ५ मार्च, रात्री ८:०५

कडक लिहिलं होतं. माग_आणि_मांजर यांचं वाचलं. धागा कशाला हा शब्द मागे घेतो. बाकीचं मत तेच आहे.

---

जुळेकर_वहिनी | ६ मार्च, रात्री ११:५५

दोन_पेंढ्या, हो, मामांनीच भाकरला शेंगाजवळ सोडलं होतं टॉवेलात गुंडाळायच्या आधी. तिनं कान हुंगला, शेजारी बसली, दहा मिनिटांनी उठून गवत खायला गेली. लेकीला त्याचा राग आला होता. खाणं चालू आहे. शिट्टी नाही. काल मी मुद्दाम जुडी सोडली, तोंड वर केलं तिनं आणि वाट बघितली, सुरुवात दुसरीकडून व्हायची सवय ना.

डॉक्टरसाहेब, वजन. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्टीलच्या डब्यात बसवून करायचो. लेक आकडा वाचायची, मी कालनिर्णयवर त्या चौकोनात लिहायचे, 'शें' आणि 'भा'. ते काम कधी चुकलं नाही. काल जुनं कॅलेंडर काढून सगळे आकडे एका कागदावर उतरवले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी शें ९८०. डिसेंबरात ९६०. जानेवारीत ९३५, मग ९१०. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ८७५. भा सगळीकडे ८७०च्या आगेमागे.

म्हणजे डाग दिसायच्या दोन महिने आधीपासून भिंतीवर होतं. प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा थोडासाच कमी, म्हणून एकही खटकला नाही. मी लिहीत होते, वाचत नव्हते.

---

गोठ्यातला_डॉक्टर | ७ मार्च, सकाळी ७:३०

हे प्राणी आजार लपवतात. रानात दुबळा दिसला की शिकार होतो, ती सवय घरात आली तरी जात नाही. म्हणूनच काटा. वजन सलग तीन आठवडे उतरलं तर दिसायला ठणठणीत असली तरी दाखवायचं. तुम्ही आकडे लिहिलेत म्हणून आज हे दहा जण तरी वाचतील. भाकरचं वजन काही आठवडे रोज करा, एकाच वेळी, खाण्याआधी.

---

बार्शी_नाका | ७ मार्च, सकाळी ७:५५

आमच्या घरी गिनीपिग नाही, पण आईच्या शुगरचे आकडे अशाच वहीत पडून आहेत. वही काढतो.

---

जुळेकर_वहिनी | ३० मार्च, सकाळी १०:४०

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना.

विजापूर_वेस, पेंढ्या पोचल्या. मामांनी गच्चीवर पत्र्याच्या सावलीत पसरल्यात आणि वरून मच्छरदाणी टाकलीय, कबुतरं बसू नयेत म्हणून. तुमच्या मेव्हण्याला घरच्या शेंगाचटणीचा डबा पाठवते. (हे लिहिताना हात अडखळला, पण चटणीला दुसरं नाव नाही.)

अक्कलकोट रोडच्या एका कुटुंबानं बदली झाली म्हणून त्यांची साडेतीन वर्षांची मादी द्यायची म्हटलीय. अजून हो म्हटलेलं नाही. ऊन सुरू झालंय, या दिवसांत तिला इकडून तिकडे हलवणं बरं की नको, डॉक्टरसाहेब सांगतील तसं. लेक नाव शोधायला तयार नाही. म्हणते, आहे ते नावच राहू दे तिचं.

आज रविवार. भा ८६५. मागचे चार रविवार काढून शेजारी ठेवले: ८७०, ८६०, ८५५, ८६०.

---